घाणीचा दगड आणि राणीच्या मिशा

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. ‘हं, दगडच तर आहे!’ असं म्हणून पुढे सटकू नका. रस्त्यात ज्याची ठेच लागते तो मी नव्हे. मी चुना मळायच्या घाणीचा दगड आहे. गाडीच्या चाकासारखा गोल, मधोमध भोक, आणि अंगाने असा जड की मला जागचं हलवायचं तर तालमीतली चार-सहा पोरं घाम गाळतात. कोल्हापुरात शाहूपुरीच्या टोकाला कालिंदी टॉकीज आहे. तिच्या मागच्या भिंतीला लागून मोकळी जागा आहे, तिथे माझा मुक्काम. या, बसा टेकून. सकाळच्या वेळी माझं अंग चांगलं गार असतं.

माझा जन्म जोतिबाच्या वाटेवरच्या खाणीत झाला. जन्म कसला, मारच तो! वडारांनी छिन्नी-हातोड्याने असा ठोकला, असा ठोकला, की माझे सगळे कोपरे गळून पडले आणि मी गोल झालो. मग पिराजी गवंडी आला. त्याने माझ्यावरून हात फिरवला, माझ्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, “ह्यो आपला.” त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. गाडीतून मला उतरवलं तेव्हा त्याच्या बायकोने, बायडाबाईने, मला हळदकुंकू लावलं आणि माझ्यापुढे नारळ फोडला. त्या घरात ती नवी आणि मीही नवा, म्हणून आमचं पहिल्यापासून सूत जमलं.

तुमच्यातल्या कितीकांनी घाणी पाहिली असेल, देव जाणे. जमिनीत दगडांनी बांधलेला गोल चर असतो. त्याच्या मधोमध एक खुंट. खुंटाला आडवं लाकूड, त्या लाकडात मी ओवलेला, आणि लाकडाच्या टोकाला बैल. बैल गोल फिरला की मी चरातून फिरणार, आणि चरात टाकलेला चुना-वाळू माझ्याखाली मळून निघणार. आमच्या बैलाचं नाव पाखऱ्या. नाव पाखऱ्या, पण चाल अशी संथ की त्याच्या पाठीवर कावळे निवांत बसून गावाला फेरी मारल्यासारखे फिरत.

चुन्याचं खातं बायडाबाईकडे होतं. भट्टीतून चुन्याची ढेकळं आली की ती हौदात टाकायची, वर पाणी सोडायची आणि ओरडायची, “सरका रं लांब!” मग पाणी रटरट उकळायचं, वाफेचे लोट उठायचे, कोंबड्या पळून जायच्या. सगळं निवलं की ती तो चुना गाळून घ्यायची आणि वर पाणी ठेवून झाकून टाकायची. चुना पाण्याखाली जितका मुरेल तितका मऊ होतो. मुरलेला चुना माझ्याखाली आला की मला गुदगुल्या व्हायच्या, खरं सांगतो.

काय दिवस होते ते! पिराजी चरातला मळलेला चुना थापीवर घ्यायचा आणि थापी उलटी करायचा. चुना पडला नाही की म्हणायचा, “जमलं!” त्या गिलाव्याची घरं आजही उभी आहेत. लोक भिंतीवर हात ठेवून विचारायचे, “पिराजी, काय घातलंस रं ह्यात?” पिराजी माझ्याकडे बोट दाखवायचा आणि मी फुगून जायचो.

मग दुसरी जागतिक लढाई संपली आणि सिमेंट आलं.

सरकारी परमिटवर मिळायचं, म्हणून त्याचा तोराही मोठा. ज्याच्या दारात सिमेंटची पोती उतरत, तो माणूस दिवसभर दारातच उभा राहायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं म्हणून. चुना मुरवा, मळा, सांभाळा, आणि सिमेंट? आज लावलं, उद्या टणक. पिराजी तर त्याच्या प्रेमातच पडला. माझं आडवं लाकूड निघालं, घाणीच्या चरात गवत उगवलं, माझ्या अंगावर शेणी, म्हणजे गोवऱ्या, थापल्या गेल्या. पाखऱ्याला गाडीला जुंपलं, ते सिमेंटची पोती वाहायला! येता-जाता तो माझ्याकडे बघत नसे. लाजत असावा बिचारा.

एकच गोष्ट मागे राहिली होती, ती म्हणजे हौदातला चुना. पिराजी म्हणायचा, “टाकून दे की तो.” बायडाबाई म्हणायची, “मग तंबाखूला काय तुमचं सिमेंट लावू?” तिला तंबाखू चुन्याशिवाय चालत नसे. रोज हौदाचं झाकण उघडायची, बोटभर चुना घ्यायची आणि वर पाणी सोडून पुन्हा झाकून ठेवायची. तंबाखूपायी तो चुना वर्षानुवर्षं मुरत राहिला. मी सगळं बघत होतो, पण दगडाला विचारतो कोण?

आता टॉकीजची गोष्ट ऐका.

आमच्या शेजारच्या जागेत नृसिंहतात्यांनी टॉकीज बांधायला काढली. तात्या पेशाने मास्तर, पण सिनेमाचं भयंकर वेड. नोकरी सोडली आणि बायकोच्या नावाने टॉकीज उभी केली. कालिंदीबाई म्हणाल्या, “मला साडी आणली असती तरी चाललं असतं हो.” पण मनातून खूश होत्या. पडद्याचं कापड काही वेळेवर येईना. तेव्हा तात्यांनी ठरवलं की समोरच्या भिंतीलाच गुळगुळीत गिलावा करायचा, वर पांढरा रंग द्यायचा आणि त्यावरच सिनेमा दाखवायचा. ती भिंत म्हणजे हीच, माझ्या पाठीमागची. आत सिनेमा, बाहेर मी.

पिराजीला हे काम मिळालं तेव्हा तो तालमीत जाऊन सगळ्यांना सांगून आला. तो तरुणपणी कुस्ती खेळलेला गडी. भिंतीकडे बघून म्हणाला, “तात्या, ही भिंत म्हंजे पैलवान. हिला असा खुराक देतो, की तुमची नातवंडंबी बघत बसतील!” आणि खरंच दिला की खुराक! पैलवानाला बदाम वाढवावेत तसं त्याने सिमेंट वाढवलं. वाळू कमी, तीही बारीक, पिठासारखी. एकाच वेळी जाड थर दिला, वर नुसतं सिमेंट घोटून घोटून आरशासारखं चमकवलं. आषाढातली दमट हवा, लवकर वाळेना, तर आत शेगड्या पेटवून ठेवल्या. मी भिंतीच्या या बाजूला कासावीस झालो होतो. ‘अरे बाबा, चुना घाल त्यात! ती धग काढ तिथनं!’ पण माझा आवाज कोण ऐकणार?

उलट माझ्यावरच संक्रांत आली. टॉकीजच्या तिकीटखिडकीच्या खोलीचा पाया भरायला दगड कमी पडत होते. पिराजी म्हणाला, “आमच्या घाणीचा दगड हाय की पडून. जोतीरामला सांगतो, फोडून घालू पायात.” जोतीराम म्हणजे आमच्या भागातला पाथरवट. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी तो येणार असं ठरलं.

नागपंचमीच्या संध्याकाळी तात्यांनी आसपासच्या लोकांना बोलावून एक चाचणीचा खेळ लावला. चित्रपट राजा-राणीचा होता. मला दिसत काही नव्हतं, पण भिंतीतून सगळं ऐकू येत होतं. घोडे दौडले, तुताऱ्या वाजल्या. मग राणी आली आणि ठसक्यात म्हणाली, “कोण आहे तिकडे?”

आणि हशा पिकला! असा हशा की माझ्या अंगावरच्या शेणी गळून पडल्या. कुणीतरी ओरडलं, “आयला, राणीला मिशा फुटल्या की!” दुसरा म्हणाला, “मिशा न्हाय लेका, राजानं गालफडात हाणलीया!” झालं होतं असं, की रंगाखालून भिंतीला तडे गेले होते. जाळंच पसरलं होतं त्यांचं, आणि त्यातला एक नेमका राणीच्या नाकाखालून आडवा गेला होता. राणी रडली की मिशा थरथरत, हसली की मिशा पसरत. शेवटी तात्यांनी खेळ बंद केला.

पिराजी मागच्या दाराने बाहेर आला आणि माझ्याजवळ मटकन बसला. एवढा मोठा गडी, पण त्याचे खांदे खाली आले होते. आत अजून हसणं चालू होतं. बायडाबाई त्याच्यामागून आली.

“हसायल्यात गं सगळी,” पिराजी म्हणाला. “पिराजीच्या भितीला हसायल्यात.”

“राणीला हसायल्यात,” बायडाबाई म्हणाली. “पर भीत तुमचीच हाय, ते बी खरं.”

“सिमेंट काय कमी घातलं व्हय मी? सोताच्या घराला घालावं तसं घातलं! आणखी किती ताकद देयाची?”

बायडाबाई हौदाकडे गेली, झाकण उघडलं, बोटभर चुना काढला आणि तळहातावर तंबाखू मळत म्हणाली, “अवो, तालमीत कुस्तीच्या हौद्याच्या मातीत तुमी काय टाकता?”

“ताक. तेल. लिंबू, हळद.”

“कशापायी?”

“कशापायी म्हंजे? माती मऊ राहाया पायजे. कडक मातीवर पैलवान आपटला तर...” पिराजी थांबला. त्याने बायकोच्या तळहाताकडे पाहिलं. मग हौदाकडे पाहिलं. “तर हाडं मोडत्यात,” तो हळूच म्हणाला.

मित्रांनो, मला तेव्हा टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या! भिंत काही मुडद्यासारखी पडून नसते बरं का. उन्हाने ती केसभर फुगते, थंडीने आकसते, पावसाने भिजते, वाऱ्याने वाळते. नुसत्या सिमेंटचा जाड गिलावा वाळताना अंग चोरून घेतो आणि मग इतका ताठ होतो की भिंत जरा हलली की याला जागा बदलता येत नाही. मग तो फुटतो. चुना घातला की गिलाव्याला थोडं लवणं जमतं, आणि पाणी एकदम सुटून न जाता सावकाश निघतं. सिमेंट वाईट नाही हो. त्याला सोबतीची गरज असते, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिराजी तात्यांकडे गेला. इकडे जोतीराम पाथरवट घण आणि छिन्नी घेऊन हजर! त्याला बिचाऱ्याला रात्रीचं काही माहीत नव्हतं. त्याने मला नीट निरखलं, छिन्नी टेकवली आणि घण हाणला. टण्ण! ही बघा, माझ्या कडेला खपली गेलेली दिसते ना, ती त्याच घावाची. मी म्हटलं, संपलं आता. तेवढ्यात बायडाबाई घरातून धावत आली.

“हात काढ! ए जोतीराम, हात काढ त्याच्यावरनं!”

“वयनी, पिराजीनंच सांगिटलंय की फोडाया.”

“त्यांनी सांगिटलं तवा भितीला तडा गेला नव्हता. चहा पी आन घरला जा!”

जोतीराम चहा प्याला. दोन कप प्याला आणि वर भाकरीही खाऊन गेला. घण खांद्यावर टाकताना मात्र मला थोपटून म्हणाला, “वाचलास लेका.”

तिकडे तात्या चांगलेच तापले होते. “पिराजी, दसऱ्याला टॉकीज उघडायची आहे! सगळ्या गावाला आमंत्रणं गेलीत, आणि माझ्या राणीला मिशा!” कालिंदीबाई आतून म्हणाल्या, “अहो, राहू द्या की. मिशीवाली राणी बघायला माणसं लांबून येतील.” तात्यांना हसू आवरेना, पण तसं दाखवायचंही नव्हतं. पिराजी मात्र हसला नाही.

“तात्या, समदा गिलावा उतरवतो,” तो म्हणाला. “माझ्या पदरच्या पैशानं पुन्यांदा करतो. खंडेनवमीला थापी पूजेला ठेवीन. दसऱ्याच्या खेळात राणीच्या तोंडावर एक तडा दिसला, तर ती थापी मी पुन्यांदा हातात धरणार न्हाय.”

हे माझ्याही कानावर आलं. थापीशिवाय पिराजी, म्हणजे नुसता माणूस उरला असता.

आणि मग, मित्रांनो, मी पुन्हा फिरलो! चरातलं गवत निघालं, उरल्यासुरल्या शेणी खरवडल्या, नवं लाकूड बसलं. पाखऱ्याला गाडीतून सोडून आणलं, तर पठ्ठ्या न हाकता आपोआप फेऱ्याला लागला. पहिल्या फेरीला मी कुरकुरलो, दुसऱ्याला घसरलो, तिसऱ्याला म्हटलं, चल रे पाखऱ्या! बायडाबाईने हौदातला मुरलेला चुना चरात ओतला. तूप झालं होतं त्याचं, तूप! पंचगंगेची धुतलेली, जरा भरड वाळू त्यात पडली आणि आम्ही दोघांनी दिवसभर मळली. सिमेंट मात्र चरात नाही घातलं. ते लावायच्या वेळी, लागेल तेवढंच मिसळायचं, नाहीतर घमेल्यातच घट्ट होऊन बसतं. सहा घमेली वाळूला एक घमेलं चुना आणि एक घमेलं सिमेंट, असा पहिला थर ठरला.

जुना गिलावा पिराजीने खणून काढला. त्याची ढेकळं कुठे गेली, सांगू? तिकीटखिडकीच्या पायात! ज्या खड्ड्यात मी जाणार होतो, त्यातच राणीच्या मिशा गाडल्या गेल्या. मी दगड असलो तरी त्या दिवशी फार हसलो.

मग भिंत धुतली, ओली केली आणि पहिला थर दिला. तो ओला असतानाच त्यावर खिळ्याच्या फळीने रेघा ओढल्या, पुढच्या थराला धरायला जागा हवी म्हणून. आणि थांबले. तात्या रोज यायचे. “पिराजी, दुसरा हात कधी?” पिराजी म्हणायचा, “त्याला जेवढं आकसायचं हाय तेवढं आकसू दे. मग वरचा थर सुखानं नांदंल.” भिंतीवर ओली पोती टांगली होती, आणि बायडाबाई सकाळ-संध्याकाळ त्यांच्यावर पाणी मारायची. दारं लावलेली, वारा बंद, शेगड्या तर नावालाही नाहीत. दुसरा थर पातळ होता आणि पहिल्यापेक्षा नरम. चुना जास्त, सिमेंट कमी. तात्या म्हणाले, “अरे, घोटून जरा चमकव की.” पिराजीने गिलावा घोटायचा लाकडी रंधा खाली ठेवला आणि हात जोडले. “तात्या, चमकवलं म्हणूनच मिशा आल्या. आता भीत पावडर लावल्यावानी दिसंल, आरशावानी न्हाय.”

खंडेनवमी आली. पिराजीने थापी धुतली, हळदकुंकू लावलं आणि माझ्यावर ठेवली. माझ्यावर! घरात कोनाडा असताना! दुसऱ्या दिवशी दसरा. सीमोल्लंघन करून, सोनं वाटून माणसं नव्या कपड्यांत टॉकीजकडे लोटली. बायडाबाईने आयुष्यात सिनेमा पाहिला नव्हता. ती कालिंदीबाईंच्या शेजारी पुढच्या खुर्चीवर जाऊन बसली. पिराजी आत गेलाच नाही. भिंतीच्या या बाजूला, माझ्याजवळ उकिडवा बसला. थापी आमच्या दोघांच्या मधे होती आणि तिच्यावर आपट्याचं पान.

आत घोडे दौडले. तुताऱ्या वाजल्या. पिराजीने डोळे मिटले. मला माहीत होतं आता काय येणार, आणि त्यालाही माहीत होतं.

“कोण आहे तिकडे?” राणी म्हणाली.

सगळीकडे चिडीचूप. एक माणूस हसला नाही. पिराजीचा श्वास मला ऐकू येत होता. हसत कसे नाहीत? की सगळे रागावून बसले आहेत? तेवढ्यात मागच्या रांगेतून एक अशी कडक शिट्टी वाजली, आणि तिच्यामागून शिट्ट्याच शिट्ट्या! राणी देखणी होती म्हणून वाजल्या त्या. मिशा नव्हत्या म्हणून ती देखणी दिसली, हे त्या शिट्टीवाल्यांना कुठे ठाऊक?

मागचं दार उघडलं. बायडाबाई बाहेर आली. डोळे पुसत होती आणि हसत होती. तिने माझ्यावरची थापी उचलली आणि पिराजीच्या हातात दिली. पिराजीने ती घट्ट धरली. तिच्यावरचं आपट्याचं पान बायकोच्या हातावर ठेवलं. मग म्हणाला, “पिच्चर कसा हाय गं?”

“मला काय ठावं!” बायडाबाई म्हणाली. “मी मघापास्नं भीतच बघत बसलोय.”

त्यानंतर मला फुरसत मिळाली नाही. शाहूपुरीतले गवंडी पिराजीकडे मळलेला चुना मागायला येऊ लागले आणि पाखऱ्या म्हातारा झाला तरी ऐटीत फेऱ्या मारत राहिला. हौदाच्या चुन्यातलं बोट काही बायडाबाईने काढलं नाही. आता म्हणे तात्या मला टॉकीजच्या दारात कट्ट्यावर बसवणार आहेत, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावा म्हणून. घाणीला नवा दगड येतोय, गोरापान आणि तरणा. माझी काही तक्रार नाही. मी पुष्कळ फिरलो आणि आता बसून सिनेमाला येणारी माणसं बघेन.

फक्त एक विनवणी आहे, मित्रांनो. तुमच्या घरी गिलावा निघाला तर घाई करू नका. भिंतीला ताकद द्या, पण थोडा मऊपणाही द्या, आणि ती तान्ही असेतोवर तिला पाणी पाजा. आणि इथे माझ्या कट्ट्याचं काम सुरू झालं, की जाता-येता जरा घमेल्यात डोकावून बघा. त्यात चुना नसेल, तर बायडाबाईला हाक मारा.